हाती देण्याचा पैसा आणि सेवेचा पैसा

रमजानचे दहा-बारा रोजे झाले की मुस्लिम घरांतून हिशेबाची वही बाहेर निघते. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम, घरातले सोने, दुकानातला माल यांची बेरीज होते, देणी वजा होतात आणि उरलेल्यावर अडीच टक्के जकात काढली जाते. (जकात म्हटले की जुन्या वाचकांना नाक्यावरची ट्रकांची रांग आठवेल. ती जकात वेगळी, शब्द मात्र तोच.) यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चात आल्यामुळे या घरगुती हिशेबाच्या शेजारीच सरकारी हिशेबही चालू आहे. एकीकडे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक, दुसरीकडे चालू वर्षाची शिल्लक ३१ मार्चच्या आत संपवण्याची धावपळ. आपल्या कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत तर काही वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर यंदा लोकांनी निवडून दिलेले सदस्य आहेत.

या अंदाजपत्रकातल्या एकाच लेखाशीर्षाबद्दल मला लिहायचे आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे आणि खर्च करायचे, असा राज्य शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आल्यानंतर ते ५ झाले, म्हणजे जकातीच्या बरोबर दुप्पट. ही तुलना मी गंमत म्हणून करत नाही. जकात ही देणाऱ्याची मेहरबानी मानलेली नाही. आपल्या मालात दुसऱ्याचा ठरलेला हिस्सा आहे आणि तो ज्याचा त्याला पोचवायचा आहे, अशी तिची कल्पना. त्या हिश्श्याला अरबीत शब्द आहे हक. कायद्याच्या नावातला 'हक्क' हा त्याचाच मराठी अवतार.

पण या दोन पैशांत एक फरक आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या फरकावर उभे आहे.

जकातीच्या नियमांत 'तमलीक' नावाची अट आहे. तमलीक म्हणजे मालकी देणे. जकातीचा पैसा गरजू माणसाच्या हातात पडला पाहिजे, त्याच्या मालकीचा झाला पाहिजे. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक उलेमांच्या मते या पैशातून मशीद बांधता येत नाही, रस्ता करता येत नाही, दवाखान्याच्या कर्मचाऱ्याचा पगारही देता येत नाही. अट चांगल्या हेतूची आहे. मधल्या माणसाने पैसा अडवू नये, गरिबाच्या नावावर इमारती उठू नयेत, हा तिचा अर्थ. मात्र त्यामुळे जकातीला काही कामे जमत नाहीत. विधवा शेजारणीच्या घरात महिन्याचे रेशन ती भरू शकते, पण मोहल्ल्यातल्या दहा मुलांसाठी वर्षभर एक थेरपिस्ट ती ठेवू शकत नाही.

ते काम सरकारी अनुदानाचे. अनुदानावर तमलीकची अट नाही. त्यातून माणूस नेमता येतो, खोली भाड्याने घेता येते, गाडी लावता येते, शाळेच्या दारात उतार बांधता येतो. तरीही गावोगावच्या नगरपरिषदा हा पैसा जकातीसारखाच वाटतात. वर्षाकाठी खात्यावर काही हजार रुपये, किंवा मंडप घालून व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, हार आणि फोटो. ज्या पैशाला हाती देण्याचे बंधन नाही तोही हातीच दिला जातो, आणि जे काम दुसरा कुठलाच पैसा करू शकत नाही ते तसेच राहते.

यात मोठ्या माणसांचे एक वेळ निभावते. पोलिओ झालेल्या चाळीस वर्षांच्या शिंप्याला चांगली तीनचाकी मिळाली तर त्याचा धंदा सुधारतो. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. मूल वाढत असते. त्याला दर वर्षी एक वस्तू दिल्याने भागत नाही, दर आठवड्याला एक माणूस लागतो.

आमच्या भागात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर ताबा नाही. डोके तल्लख आहे. क्रिकेटचा स्कोअर त्याच्या तोंडी असतो, फक्त तो काय बोलतोय हे आईलाच कळते. त्याला एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली. ती मोठ्या माणसाच्या मापाची निघाली. बसवले की पाय पायटीपर्यंत पोचत नाहीत, मान एका बाजूला कलते. ती आता जिन्याखाली आहे आणि तिच्यावर कपडे वाळतात. वडील रिक्षा चालवतात. फिजिओथेरपीसाठी आई त्याला लोकलने कल्याणच्या पुढे नेत असे. बदलापूरची सकाळची लोकल कशी असते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. दिव्यांगांचा डबा असतो, पण कडेवर नऊ वर्षांचा मुलगा घेऊन त्या डब्यापर्यंत पोचायचे, आत जागा मिळवायची, उतरायचे आणि पुन्हा रिक्षा करायची. चार महिने तिने केले. मग वडिलांचे अर्ध्या दिवसाचे भाडे बुडू लागले आणि ते थांबले. थांबल्यावर काय होते? ताणलेले स्नायू आखडतात, सांधे वाकड्या स्थितीत घट्ट होतात, आणि जे व्यायामाने सुटले असते त्याला पुढे शस्त्रक्रिया लागू शकते.

आता या घराला सरकारी कागदावर काय काय मिळू शकते ते पाहू. यादी छोटी नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना दहा महिने २०० रुपये भत्ता वेगळा. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिच्यात १ लाखापर्यंत संरक्षण मिळते, आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात बसतो. 'एडिप' योजनेतून साधने मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाले, आधी १,५०० होते. वाढ चांगली आहे. पण पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे, म्हणजे महिना ४,२०० सुद्धा नाही. कुळगावात घरभाडे भरून त्या आकड्यात राहणारा रिक्षावाला मला दाखवा. बिल्डिंगचा वॉचमनही त्या रेषेच्या वर जातो. आणि ३,५०० ला बाराने भागले तर महिन्याचे २९१ रुपये येतात. खासगी थेरपीची आठवड्याला दोन सत्रे धरली तर महिन्याची आठ. २९१ रुपयांत त्यातले एक तरी बसते का, हे ज्यांची मुले जातात त्यांनीच सांगावे.

म्हणजे वाटप वाढवूनही हे कोडे सुटत नाही. महिना अडीच हजार मिळाले, तरी ज्या गावात बालकांची थेरपी परवडणाऱ्या दरात उपलब्धच नाही तिथे ते पैसे खर्च कुठे करायचे? गल्लीत दुकान नसताना शिधापत्रिका हाती असावी तसे हे.

आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या वाटेने गेलेल्या महापालिका आहेत. नवी मुंबई महापालिकेचे वाशीतले ईटीसी केंद्र गेली अनेक वर्षे चालू आहे. मुलाची तपासणी, शिक्षण, थेरपी आणि पालकांचे प्रशिक्षण, सगळे एका छताखाली, महापालिकेच्या पैशातून. ठाणे महापालिका विशेष मुलांसाठी 'जिद्द' शाळा चालवते. दोन्ही ठिकाणी पैसा माणसांवर खर्च होतो, शिकवणाऱ्या आणि हात धरणाऱ्या माणसांवर. कुणी म्हणेल, त्या श्रीमंत महापालिका, आपली नगरपरिषद. म्हणणे बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर किती टॉवर उठले ते आपण पाहतोच, पण उत्पन्न काही त्या वेगाने वाढत नाही. मग एकट्याने कशाला करायचे? उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि आपली नगरपरिषद ही तिन्ही गावे एका रेल्वेमार्गावर, एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. तिघांचे पाच-पाच टक्के सगळे नकोत. त्यातला एक भाग एकत्र केला तरी एक बरे केंद्र उभे राहील, आणि प्रत्येक गावात त्याची एक खोली, जिथे आठवड्याचे तीन दिवस थेरपिस्ट येईल. पाच टक्क्यांचा निधी केवळ वैयक्तिक लाभासाठीच आहे असा गैरसमज दिसतो. सामूहिक सुविधांवरही तो खर्च करता येतो.

यावर सगळ्यात खरा आक्षेप पालकांकडूनच येतो. एका आईने मला सरळ विचारले, "मॅडम, केंद्र उघडेल, पाटी लागेल, उद्घाटन होईल, आणि सहा महिन्यांनी कुलूप. त्यापेक्षा खात्यात येतात ते बरे नाहीत का?" या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. सरकारी सेवेवरचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. विशेष शिक्षकांचेच घ्या. समग्र शिक्षेतले हे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असे सांगितले, आणि राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदे, म्हणजे एका केंद्राला एक, निर्माण करण्याचा निर्णय घेतला. शिक्षण खात्याच्या भाषेत केंद्र म्हणजे दहा-बारा शाळांचा गट. एक शिक्षक तेवढ्या शाळा फिरणार. एकेका मुलाच्या वाट्याला तो आठवड्याचे किती तास येईल?

तरी मी सेवेच्याच बाजूने आहे, कारण खात्यातल्या पैशावर पालकांचा जेवढा ताबा आहे तेवढाच सेवेवर ठेवता येतो. थेरपिस्टचे मानधन सत्रावर ठरवा. प्रत्येक सत्रानंतर आईने वहीत सही करायची, सह्या मोजून बिल निघायचे. केंद्राच्या देखरेख समितीत निम्मे सदस्य पालक. आणि चालू असलेली रोख मदत तोडून हे करू नका, तिच्या शेजारी करा. त्या पैशावर घराचे दूध येते.

श्रवणदोषाच्या बाबतीत वस्तू आणि सेवा यांतला फरक अगदी ठळक दिसतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९८३ मध्ये सुरू झालेली. नवाब अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्याआधी उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू. 'एडिप'मधून लहान मुलांना जे कॉक्लिअर इम्प्लांट मिळते त्याचे काम या संस्थेमार्फत चालते. लाखो रुपयांचे यंत्र सरकार गरिबाच्या मुलाच्या कानात बसवते, ही छोटी गोष्ट नाही. पण ऐकू येणे आणि भाषा येणे या दोन वेगळ्या गोष्टी. यंत्र चालू झाल्यावर आवाज म्हणजे शब्द, शब्द म्हणजे अर्थ, हे मुलाला शिकवायला महिनोन्महिने, कधी कधी वर्षे, स्पीच थेरपी लागते. ती घराजवळ नसेल तर लाखोंचे यंत्र कानात असूनही मूल मागे पडते.

दोन भाषांत वावरणारी म्हणून इथे एक गोष्ट मला विशेष खटकते. उल्हासनगरात सिंधी घरे, अंबरनाथ-बदलापुरात मराठी, उर्दू, हिंदी, कोकणी, गुजराती. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या आईला सर्रास सल्ला मिळतो, घरात एकच भाषा बोला, तीही शाळेची. मग उर्दू बोलणारी दादी नातवाशी बोलायचीच बंद होते, कारण तिला दुसरी भाषा नीट येत नाही. दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांचे नुकसान होते, हे संशोधनात टिकलेले नाही. दादीचे गप्प होणे मात्र नक्की नुकसानीचे. घरची भाषा कळणारा थेरपिस्ट गावातच मिळू शकतो. वाशीच्या किंवा वांद्र्याच्या केंद्राकडून ती अपेक्षा कशी करणार?

आणखी एक दुवा तुटलेला आहे, तपासणी आणि उपचार यांच्यामधला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात, आणि दोष दिसला की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. कल्पना उत्तम. पण चिठ्ठी जिल्ह्याच्या ठिकाणची, आणि मूल दोन वर्षांचे. मेंदू सर्वांत लवचीक असतो त्या वयातले महिने घर आणि ठाणे यांच्यामध्ये जातात. पुढे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, पांढरा-पिवळा-निळा रंग. कायद्याने आता २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे, पूर्वी सातच होते. पण आत्ममग्न मुलाचे अपंगत्व अंगावर दिसत नाही, म्हणून त्याच्या आईला प्रत्येक खिडकीवर नव्याने समजावून सांगावे लागते.

उर्दूत दिव्यांग माणसाला 'माजूर' म्हणतात. शब्दाच्या पोटात 'उज्र' आहे, म्हणजे रास्त कारण, सबब. ज्याची सबब मान्य आहे तो माजूर. रोज्याची त्याला सूट आहे. पण आपण त्या शब्दाचा सोयीचा अर्थ केला. त्याला कर्तव्यातून सूट दिली तशी स्वतःलाही त्याच्याविषयीच्या कर्तव्यातून देऊन टाकली. मशिदीच्या वजूखान्याला पायऱ्या, देवळाला पायऱ्या, नाट्यगृहाला पायऱ्या. याबाबतीत आपली सगळ्यांची एकी आहे.

मदिनेतली व्यवस्था वेगळी होती. प्रेषितांच्या काळात तिथे पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल देत, ती सेहरीला उठवण्यासाठी. दुसरी अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम यांची. ती झाली की खाणे-पिणे थांबवायचे. इब्न उम्मे मक्तूम अंध होते. ज्यांना उजाडलेले दिसत नव्हते त्यांच्या आवाजावर साऱ्या शहराचा रोजा सुरू होई. हे कसे जमत होते? पहाट झाली की लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. कुणीतरी रोज, न चुकता, त्यांच्याजवळ उभे राहत असे. पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमय्या खलिफा वलीद याने अंधांना वाटाडे आणि पांगळ्यांना सेवक सरकारातून नेमून दिले, असे तबरी या इतिहासकाराने नोंदवले आहे. त्या काळी व्हीलचेअर नव्हती, हे खरे. पण द्यायचा तो माणूस, हे त्यांना समजले होते.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने पैसा शाळांकडे दिला आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा लेखी आराखडा बंधनकारक केला. त्या शिक्षणाच्या जादा खर्चातला ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलेल असेही ठरले होते. तो आकडा आजवर एकदाही गाठलेला नाही. तेव्हा पैसे कमी पडण्याचे रडगाणे श्रीमंत देशांतही आहे. निदान तिथल्या पालकांना हे माहीत असते की आपल्या मुलाला आठवड्याला किती तास काय मिळणे बाकी आहे. आपल्याकडे पालकाला विचारले तर तो मिळालेल्या वस्तूंची यादी सांगतो.

अंदाजपत्रकाची चर्चा चालू आहे तोवर दोन प्रश्न नगरपरिषदेला लेखी विचारता येतील. गेल्या वर्षी दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतले किती रुपये वस्तू आणि रोख मदतीवर गेले आणि किती सेवेवर? आणि त्यातले अठरा वर्षांखालच्या मुलांपर्यंत किती पोचले? प्रभागातल्या सदस्याला भेटूनही विचारा, त्यांनाही आकडा नवा असेल. ज्यांना अर्ज मराठीत लिहिणे जड जाते त्यांच्यासाठी आमच्याकडे आम्ही दोघी-तिघी शिक्षिका इफ्तार आणि इशाच्या मधल्या वेळात बसतो आहोत. यूडीआयडीची कागदपत्रे सोबत आणावीत. नसतील तर तसे सांगावे, त्याचा अर्ज आधी करू.